तानाबाईनं काढलेल्या रेघा

पिंपळगाव राजात कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, की त्या घरचं माणूस आधी पुंजाजीच्या दारात येऊन उभं राही. "तानाबाई हाये काय घरी?" एवढंच विचारी. पुढचं सांगावं लागत नसे. तानाबाई चुलीपुढून उठे, लुगड्याला हात पुसत बाहेर येई आणि म्हणे, "खामगाव, का अकोला?"

तिची पिशवी खुंटीला तयारच असे. पितळेचा तांब्या, एक धुवट लुगडं, चादर, फुटाण्यांची पुडी आणि शेगावचा अंगारा. अडलेली बाळंतीण असो, बैलानं मारलेला गडी असो, कुणाच्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू असो, सोबतीला तानाबाई. रोग्याच्या खाटेखाली चादर टाकून निजायचं, भांडं उचलायचं, रोग्यानं चिडून बोललेलं ऐकून घ्यायचं आणि डॉक्टर काय म्हणाला ते घरच्यांना समजेल अशा बोलीत सांगायचं. एवढं झालं की गावाकडं परत.

"तानाबाईले सवय हाये," असं लोक म्हणत. सवय कशी लागली ते कुणी विचारत नसे. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा तापानं गेला. बापानं तिला माहेरी आणली. मग आईचं अंग लुळं पडलं आणि तिचं सगळं तानाबाईच्या हातावर आलं. आई गेली, तर चुलत्याचा दमा होताच. असं एकेकाचं करता करता गावानं तिला गृहीतच धरून टाकलं. मूलबाळ नाही, मागं ओढ नाही, हिला काय अडचण, असा सरळ हिशोब. तिची कंबर दुखते का, हे फक्त एकच माणूस विचारायचं. ती म्हणजे तिची भावजय शालूबाई.

तानाबाईचा भाऊ पुंजाजी तिच्यापेक्षा लहान. त्याची ही बायको कोवळ्या वयात या घरात आली तेव्हा तिला भाकरीही गोल थापता येत नव्हती. तानाबाईनंच ती शिकवली. दोघी मिळून माळव्याला पाणी द्यायच्या, वांगी तोडायच्या आणि सकाळी उंबऱ्याशी बसून एकाच डबीतली मिश्री लावायच्या. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ गावाला बघवत नसे. तानाबाई म्हणायची, "आमचं भांडण आम्ही वावरातच करून येतो, घरी आणत नाही."

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात शालूबाईच्या उजव्या गालात आतून काहीतरी टोचायला लागलं. दात असेल म्हणून लवंग धरली. मग गालावर बाहेरून सुपारीएवढी गाठ दिसायला लागली, मानेतही एक हाताला लागू लागली. खामगावच्या डॉक्टरनं शालूबाईचं तोंड उघडून पाहिलं आणि पुंजाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "नागपूरला न्या. उशीर नका करू."

पुंजाजी घरी येऊन ओसरीवर बसला तो बसलाच. तानाबाईनं पिशवी खुंटीवरून काढली. आजवर तिनं दुसऱ्यांची माणसं नेली होती. ही तिची होती.

नांदुऱ्याहून त्या दोघीच पॅसेंजरनं निघाल्या. नागपुरात दवाखान्याच्या मागंच एक धर्मशाळा होती, तिथं एका खोलीत पडदा लावून दोन बिऱ्हाडं राहायची. पलीकडचं बिऱ्हाड मेहकरकडचं निघालं. सरस्वतीबाई आणि तिचा नवरा रंगराव. सरस्वतीबाईला तोच आजार, तोही उजव्याच गालात. आपल्याच जिल्ह्याचं माणूस परमुलखात भेटलं की जो धीर येतो, तो चौघांनाही आला.

डॉक्टरांनी गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मग शेक द्यायचं ठरलं. लोक त्याला शेकच म्हणत, पण त्यात निखारा नव्हता की कापड नव्हतं. एक भलं मोठं यंत्र, त्याच्याखाली निजायचं, जाड दार बंद करून सगळे बाहेर पडायचे. दिसत काही नाही, लागत काही नाही. आठवड्यानं मात्र गाल आतून सोलल्यासारखा होई.

"मले एकटीले टाकून सारे पळतात, बाई," पहिल्या दिवशी शालूबाई म्हणाली. "मंग तठी राह्यते कोण?"

"देव राह्यते," तानाबाई म्हणाली. "त्याले कोणी बाहेर काढत नाही."

शेक नेमका कुठं पडायचा ते कळावं म्हणून डॉक्टरांनी दोघींच्या गालावर आणि मानेवर जांभळ्या औषधानं रेघा काढल्या होत्या, मधे एक फुली. तरुणच डॉक्टर होते, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी तानाबाईला बजावलं, "बाई, या रेघा म्हणजे आमची खूण. पाणी लावायचं नाही, तेल लावायचं नाही. रेघ पुसली तर शेक भलतीकडं पडेल. डोळ्यावरसुद्धा."

रंगरावला थट्टेची खोड. दोघींना शेजारी बसवून तो म्हणाला, "काय हो तानाबाई, भूमापनवाले येऊन गेले काय? दोन्ही वावरांची मोजणी झालेली दिसते."

"तुमच्या वावराची शीव वाकडी काढली हाये पण," तानाबाई म्हणाली. सरस्वतीबाई हसायला गेली आणि गालाला हात धरून कळवळली. त्या दिवसानंतर रंगराव थट्टा करायचा, पण बायकोकडं न बघता.

सरस्वतीबाई त्या रेघांना फार जपे. घाम आला तर पदराच्या टोकानं कडेकडेनं टिपायची, निजायची ती डाव्या कुशीवर, अंगावर पाणी घ्यायची ते खांद्याखालून. केसांना तेल नाही की पाणी नाही, डोकं खाजून खाजून हैराण व्हायची. पण डॉक्टरनं सांगितलं ते सांगितलं. शालूबाईचं तसं नव्हतं. दवाखान्याचा वास अंगाला चिकटलाय, हेच तिचं दिवसभर चाले. तानाबाई तिला लहान पोरीसारखी धाक दाखवून गप्प करी.

अर्धा शेक झाला आणि दोघींची तोंडं इतकी आली की पाण्याचा घोटही गिळवेना. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस थांबू, घरी जाऊन या. सरस्वतीबाई म्हणाली, आम्ही इथंच राहतो, वाटेत रेघेला काही झालं तर. शालूबाई मात्र घरी जायला उतावीळ झाली होती, कारण महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या.

पुंजाजीच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा पिढ्यान्पिढ्या बसायच्या. मुखवटे घरात आणायचे ते घरच्या सवाशिणीनं. घरात सवाशीण एकटी शालूबाई. तानाबाई सोळा भाज्या चिरील, पुरण वाटील, फुलोरा तळील, पण मुखवट्यांना तिचा हात चालत नव्हता. ती कधी त्याबद्दल बोललीही नव्हती. उंबऱ्याबाहेरून हात जोडायची, तिला तेवढं पुरायचं.

त्या सकाळी शालूबाई न्हाणीपाशी जाऊन बसली ती उठेना. "बाई, मले डोक्यावरून न्हाऊ घाला."

"डॉक्टर काय म्हणे, इसरली काय?"

"इसरली नाही. पण हे दवाखान्याचं अंग घेऊन मी लक्ष्मीले हात लावू? तुम्हीच सांगा. पुढच्या साली मी हाओ का नाही, कोणाले ठावं."

तानाबाई उठून चुलीकडं गेली. तिनं पाणी तापवलं. शालूबाईच्या मानेला पंचा गच्च गुंडाळला, तिला मान मागं टाकायला लावली आणि केसांना तेल जिरवून शिकेकाई लावली. फार सांभाळून करत होती. पण ज्या डोक्याला दोन महिने पाणी लागलं नव्हतं त्याला पाणी लागल्यावर शालूबाईला भानच राहिलं नाही. तिनं सवयीनं मान पुढं केली. फेस कपाळावरून गालावर आला, पंचा भिजला, आणि न्हाणीच्या फरशीवरून जांभळं पाणी मोरीकडं निघालं.

तानाबाईच्या हातातला गडवा वरच्या वर राहिला. ती त्या पाण्याकडं बघत होती. मग तिनं दुसरा गडवा ओतला. जे जायचं ते गेलंच होतं.

"बाई," शालूबाई डोळे मिटून म्हणाली, "लय बरं वाटलं."

महालक्ष्म्या घरात आल्या, जेवल्या, गेल्या. शालूबाईनं ओल्या केसांनी मुखवटे आणले तेव्हा बघणाऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. तानाबाईचं लक्ष मात्र त्या सकाळपासून शालूबाईच्या गालाकडंच जात होतं. पुन्हा शेकाला जायचं, आणि गाल कोरा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं लुगड्यांना घालायची नीळ वाटीत कालवली आणि तुराटीचं टोक चावून मऊ केलं. शालूबाईला दिव्यापुढं बसवलं. रांगोळीत तिचा हात गावात सगळ्यांत सरळ, आणि त्या रेघा तिनं रोज पाहिल्या होत्या. एक कानाच्या पाळीखालून हनुवटीकडं, एक मानेवर आडवी, एक डोळ्याखाली, मधे फुली.

"ही थोडीक वर होती, बाई."

"अठीच होती."

"गाल माहा हाये का तुमचा?"

"गाल तुहा हाये, पण तुले दिसत होता काय? मी पाह्यत होती रोज. हालू नोको, नाही तं नाकाले मिशी निघीन."

शालूबाईला हसू आवरेना आणि तोंड फाटत होतं म्हणून हसताही येईना. रेघा उमटल्या. आरशात पाहून ती म्हणाली, "सेम टू सेम." हे रंगरावचं बोलणं ती शिकली होती.

नागपुरात शेकाच्या खोलीतल्या माणसानं शालूबाईला यंत्राखाली निजवलं. तिचा गाल उजेडाकडं वळवून म्हणाला, "औषध फिकं पडलंय वाटतं," आणि रेघा बघून यंत्र खाली घ्यायला लागला. बाहेर रोग्यांची रांग होती. तानाबाई दाराशी उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं. डोळ्याखालची ती रेघ, शालू वर होती म्हणत होती, आपण अठीच होती म्हणालो. यंत्र खाली आलं. तो माणूस दार ओढायला निघाला.

"थांबा हो!" तानाबाई आत शिरली. "त्या रेघा डॉक्टरच्या नाही. माह्या हाताच्या हायेत."

तो माणूस तिच्याकडं बघतच राहिला. "काय म्हणता?"

"निळीच्या हायेत. तिले उठवा तठून."

डॉक्टर आले. त्यांनी बोट ओलं करून रेघेवर फिरवलं, बोट निळं झालं. मग त्यांचा आवाज चढला. इतकी माणसं ऐकत असताना तानाबाईला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. डोळा जाईल म्हणून सांगितलं होतं की नाही? यंत्र म्हणजे खेळ वाटला? ती खाली मान घालून उभी राहिली. शालूबाई निजल्या निजल्या म्हणाली, "मीच म्हटलं होतं, डॉक्टरसाहेब, तिले नोका बोलू." कुणी ऐकलं नाही.

नव्यानं माप घ्यायला डॉक्टरांनी गाल चाचपला. मानेला हात लावला. पुन्हा गाल. तोंड उघडायला लावून बॅटरी मारून पाहिलं. सगळं तोंड आलेलं, सुजलेलं, म्हणून घरी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गालातली गाठ हरभऱ्याएवढी उरली होती आणि मानेतली हाताला लागतच नव्हती.

"रेघा तशाही नव्या काढाव्या लागल्या असत्या," ते हळू म्हणाले. राग कुठल्या कुठं गेला होता. फक्त थकलेले दिसत होते.

शालूबाईला शेकाला नेल्यावर तानाबाईनं धीर करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्यानं चूक झाली तरी हिची उतरली. सरस्वतीबाईनं तं एक थेंब लागू देला नाही. तिची काऊन नाही उतरत?"

डॉक्टर स्टुलावर बसले. सांगावं की नाही असं त्यांना झालं असावं. मग म्हणाले, "गाठीचा तुकडा काढला होता ना, तो आम्ही दुर्बिणीखाली पाहतो. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, रोगाशी भांडणाऱ्या. तुमच्या भावजयीच्या तुकड्यात त्या गाठीच्या आत शिरलेल्या होत्या, जागोजाग, दाट. सरस्वतीबाईंच्या तुकड्यात त्या बाहेर काठाला थांबलेल्या. आत कोणीच नाही. शेक दोघींना सारखाच. पण आतून साथ मिळते त्यांना तो जास्त लागू पडतो, असं काही डॉक्टरांचं म्हणणं आहे. मलाही तसंच वाटतं. खात्री कोणालाच नाही."

"अन् एकीच्या आत काऊन जातात, अन् एकीच्या नाही?"

"ते माहीत असतं बाई, तर मी इथं असा बसलो नसतो."

धर्मशाळेकडं जाताना तानाबाई ते मनात घोळवत होती. तिला वावर आठवलं. हराळी माजली की नांगर घालतात, पण नुसत्या नांगरानं हराळी जात नाही. नांगरामागून बायांनी वाकून काशा वेचाव्या लागतात, नाहीतर मुळं राहतात आणि पुन्हा फुटतात. यंत्र दोन्ही वावरांत सारखंच फिरलं. एकीत मागून वेचणाऱ्या उतरल्या. दुसरीत त्या बांधावरच उभ्या राहिल्या. का उभ्या राहिल्या, देव जाणे. एकाच डबीतली मिश्री शालूनं आणि आपण लावली आणि शालूच्या गालात हे उगवलं, आपल्या नाही, हे तरी कुठं कळलं होतं?

न्हाण्याची आणि गाठ उतरल्याची गोष्ट धर्मशाळेत तिच्या आधी पोचली होती. संध्याकाळी रंगराव दूध आणायला गेला तशी सरस्वतीबाई पडदा सारून जवळ येऊन बसली. तिची गाठ आता ओठ एका बाजूला ओढत होती, शब्द सांडल्यासारखे येत.

"तानाबाई, खरं सांगा. न्हाऊ घालताना काही बोललात का लक्ष्मीला? नवस?"

"काई नाही हो. तिचं डोक्स खाजे, म्हणून घातलं."

"मग मलाही घाला. तसंच. तेच तेल, तुमच्याच हातानं."

तानाबाईनं तिचा हात धरला. "तुमचा शेक अजून बाकी हाये. रेघ गेली तं तो डोळ्यावर पडते. माह्या हातानं शालूचा डोळा जाता जाता राह्यला, पुन्हा मले ते करायले नोका लावू. न्हाण्यानं नाही उतरली तिची."

"मग कशानं?"

उत्तर तानाबाईला दुपारीच मिळालं होतं. जन्मभर ती डॉक्टरचं म्हणणं माणसांना समजेल असं करून सांगत आली होती. हेही सांगता आलं असतं, हराळीचं, बांधावर उभ्या राहिलेल्यांचं. पण समोरच्या बाईला ते समजलं असतं, हीच तर अडचण होती.

"ते डॉक्टरलेही ठावं नाही," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

"मीच देवाला कुठं कमी पडले असेन."

"असं नोका म्हणू, सरस्वतीबाई. देव काय शाळामास्तर हाये, हजेरी घ्यायले?"

सरस्वतीबाई उठली. पडद्याआड जाऊन डाव्या कुशीवर निजली.

शालूबाईचा शेक पुरा झाला. पुढं ती पुष्कळ जगली. गाल एका बाजूनं बसका राहिला, तिखट कायमचं सुटलं, पण तिनं सून आणली आणि मुखवटे सुनेच्या हातात दिले. गावात सगळे म्हणत, महालक्ष्मी पावली, न्हाऊन मुखवटे आणले म्हणून पावली. तानाबाई वाद घालत नसे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणे, "पावली तं खरंच. पण शेक पुरा करून आलो आम्ही, तेही सांगत जा." आणि गालात काही टोचतंय म्हणणारी बाई दिसली, की लवंग धरू न देता तिला थेट नागपूरच्या गाडीत बसवी.

पण हे सगळं नंतरचं. या दोघी नागपूर सोडायच्या आदल्या दिवशी सरस्वतीबाईलाही सुट्टी मिळाली. डॉक्टर रंगरावशी बराच वेळ बोलले. शेक आता द्यायचा नव्हता, दुसरंही काही करायचं नव्हतं. रंगराव खोलीत आला, पेटी बांधायला बसला, आणि दोरीची गाठ त्याला काही केल्या मारता येईना.

सरस्वतीबाई तानाबाईपुढं येऊन उभी राहिली. "आता तर रेघेचं काम संपलं ना?"

"हाव," तानाबाई म्हणाली. "संपलं."

रंगरावनं कोपऱ्यावरच्या दुकानातून शिकेकाई आणली. शालूबाईनं स्टोव्हवर पाणी तापवलं. धर्मशाळेच्या मागच्या अंगणात, नळापाशी, तानाबाईनं सरस्वतीबाईला पाटावर बसवलं. तिची कंबर त्या दिवशी फार धरली होती, तरी ती वाकली. केसांच्या जटा झाल्या होत्या, त्या एकेक करून सोडवल्या. तेल जिरवलं. पंचा बांधला नाही. मग कपाळावर हात आडवा धरून, डोळ्यांत जाऊ नये म्हणून, पहिला गडवा ओतला. जांभळं पाणी गालावरून, मानेवरून, पाटावरून वाहायला लागलं. इतके दिवस जपलेली रेघ लवकर निघत नव्हती. तानाबाई अंगठ्यानं, फार हलक्या हातानं, ती चोळत राहिली. सरस्वतीबाईनं डोळे मिटले होते आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"बस निघायची वेळ झाली हो," रंगराव भिंतीपलीकडून म्हणाला.

"जराक थांबा," तानाबाईनं शालूबाईकडून आणखी एक गडवा घेतला. "अजून रंग येऊन राह्यला."